त्या बाईला काळं फासू नका

बंगळुरूत रविवारचा पेपर उघडला की पहिल्या दोन-तीन पानांत फ्लॅटची जाहिरात हटकून सापडते. सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड, नाहीतर विमानतळाच्या वाटेवरचं देवनहळ्ळी. चित्र ठरलेलं असतं. बाल्कनीत तो, मांडीवर लॅपटॉप. ओट्यापाशी ती, हातात कॉफीचे दोन मग. तिचे केस नुकतेच धुतलेले आणि ओटा इतका कोरडा, की त्यावर कोणी कधी कोथिंबीरसुद्धा निवडली नसावी. खाली ओळ येते ती या धाटणीची: ‘तुमच्या होम मिनिस्टरसाठी खास मॉड्युलर किचन.’

अशा ओळी मी स्वतः लिहिल्या आहेत. या शहरात काही वर्षं मी इंग्रजी जाहिरातींची मराठी कॉपी करून देत असे. ‘होम मिनिस्टर’ हा शब्द मीच सुचवला आणि समोरच्यांनी टाळी दिली, असंही एकदा घडलंय. तेव्हा पुढचं सगळं उपदेश म्हणून वाचू नका. या धंद्याच्या चोरवाटा मला माहीत आहेत, एवढंच.

आता ती जाहिरात कापून घ्या. बाईच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, पुरुषाच्याही नाही. ओळही तशीच राहू द्या. तिच्याखाली तेवढ्याच जाडीच्या अक्षरांत एक ओळ वाढवा: ‘गृहखातं तिच्याकडे. फ्लॅटचा खाता कोणाकडे?’

बंगळुरूत घर घेतलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मिळकतीच्या पालिकेतल्या नोंदीला इथे ‘खाता’ म्हणतात, आणि ए-खाता की बी-खाता हा चहाच्या गाड्यावरचा रोजचा विषय आहे. मंत्र्याच्या खात्याला कन्नडमध्येही ‘खाते’च म्हणतात, त्यामुळे हा विनोद दोन्ही भाषांत चालतो. मुख्य म्हणजे त्यात बाईची टिंगल नाही. तिला लाडानं मंत्रिपद देऊन घराच्या कागदावरून नाव गायब करणारा जो गोडवा आहे, टिंगल त्याची आहे.

या उद्योगाला जगात ‘कल्चर जॅमिंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या ‘निगेटिव्हलँड’ नावाच्या बँडनं 1984 साली हा शब्द रूढ केला. रेडिओच्या लहरींत खरखर घुसवून प्रक्षेपण बिघडवायचं, तसं जाहिरातीच्या प्रक्षेपणात आपली खरखर घुसवायची. शब्द नवा असला तरी युक्ती आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला विडंबन म्हणतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा हेच केलं होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांवर आगपाखड चालवली होती. बायका साहसी, बायका कपटी, बायका अशा नि तशा. ताराबाईंनी ती आरोपांची यादीच हातात घेतली आणि एकेक कलम पुरुषांना लावून दाखवलं. नवा जाहीरनामा लिहीत बसल्या नाहीत. समोरच्याची शस्त्रं समोरच्यावरच चालवली. लंडनच्या भिंतींवर स्प्रेचे डबे निघायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जायची होती.

लंडनचा तो किस्सा तंत्र शिकण्यासाठी पाहण्यासारखा आहे. 1979 साली फियाटच्या एका छोट्या गाडीचं होर्डिंग लागलं होतं. आशय असा, की ही गाडी बाई असती तर तिच्या पार्श्वभागाला कोणीतरी चिमटा काढलाच असता. रात्रीतून कोणीतरी खाली स्प्रेनं लिहून गेलं: ही बाई गाडी असती तर तिनं तुम्हाला चिरडलं असतं. जिल पोझनर या छायाचित्रकारानं त्याचा फोटो काढला आणि तो पुढे पोस्टकार्डांवरून जगभर गेला. बारकाईनं पाहा, लिहिणाऱ्या हातानं जाहिरातीतला एकही शब्द खोडलेला नाही. ‘असती तर’ हा जाहिरातीचाच सांगाडा उचलला आणि तिचंच व्याकरण तिच्या अंगावर सोडलं. निषेधाचं पत्रक लोक घडी घालून खिशात ठेवतात. असली ओळ दुसऱ्याला सांगतात.

आपल्याकडचा रिवाज मात्र काळं फासण्याचा. सिनेमाच्या पोस्टरवरच्या उघड्या मांड्यांना डांबर लावायचं, पोस्टर फाडायचं, फोटो काढून घ्यायचा. मला ही पद्धत कधी पटली नाही. डांबर बसतं ते बाईच्या अंगावर. ज्यानं ते चित्र विकलं, तो स्वच्छ राहतो. आणि बघणाऱ्याला कळतं काय, तर बाईचं अंग झाकायला हवं. साबणाच्या जाहिरातीचंही म्हणणं फार वेगळं नसतं: बाई म्हणजे अंग.

हा गुंता बंगळुरूनं एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. 23 नोव्हेंबर 1996 रोजी चिन्नस्वामी स्टेडियमवर मिस वर्ल्ड स्पर्धा झाली. आयोजक अमिताभ बच्चन यांची एबीसीएल. विरोध इतका पेटला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. आत्मदहनाच्या धमक्या आल्या, आणि मदुराईत एका माणसानं खरोखर स्वतःला जाळून घेतलं. पण विरोध करणारे सगळे एका बाजूचे नव्हते. एका गटाला भारतीय संस्कृती बुडत असल्याचा राग होता. दुसरीकडे स्त्रीवादी संघटनांचा राग बाजारावर होता: सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवंय म्हणून आमच्या शहरात बायकांची मोजमापं का? पेपरांत मात्र दोन्हींची एकच बातमी झाली, ‘सौंदर्यस्पर्धेला विरोध’. त्या गदारोळात महिला कार्यकर्त्यांनी एक नकली सौंदर्यस्पर्धा भरवली आणि मिस पॉव्हर्टी, मिस होमलेस, मिस लँडलेस असे मुकुट चढवले. सगळ्या आंदोलनातली मला सर्वांत नेमकी वाटलेली कृती ती. तिच्यात कोणाचेही कपडे मोजलेले नव्हते. स्पर्धेचा साचा तेवढा उचलला होता.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपली तक्रार बाई किती दिसते याची आहे, की बाईबद्दल काय म्हटलंय याची? पहिली असेल तर तुमच्या मागे अशी मंडळी येऊन उभी राहतील, जी उद्या तुमच्याच मुलीच्या जीन्सवर बोलतील. मंगळुरूत 24 जानेवारी 2009 रोजी पबमधल्या मुलींना मारहाण करणारेही संस्कृतीचंच नाव घेत होते. त्यावरचं उत्तर आठवतं ना? पत्रकार निशा सुसान आणि मैत्रिणींनी ‘पिंक चड्डी’ मोहीम काढली. हल्ल्यामागच्या श्रीराम सेनेच्या प्रमोद मुतालिक यांच्या हुबळीच्या कार्यालयाच्या पत्त्यावर व्हॅलेंटाइन डेची भेट म्हणून गुलाबी चड्ड्या पाठवा, असं आवाहन देशभर झालं आणि पार्सलांचा ढीग लागला. संघटनेचं नावच त्यांनी ‘पबमध्ये जाणाऱ्या, सैल आणि पुढारलेल्या बायकांचा संघ’ असं ठेवलं होतं. अंगावर फेकलेली शिवीच पाटी करून दारावर लावली. चड्डीची टिंगल खाकीवरही जात होती, हे वेगळं सांगायला नको. या मोहिमेवर एक टीका झाली आणि ती मला रास्त वाटते: विनोद इंग्रजी वाचणाऱ्यांचा होता. के. आर. मार्केटात फुलं विकणाऱ्या बाईपर्यंत तो पोचला नाही. त्याबद्दल पुढे बोलतेच.

आधी लक्ष्य कसं निवडायचं ते बघू. या शहरात मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं असल्यानं नमुने घरबसल्या मिळतात. एप्रिल 2016 मध्ये ओला या टॅक्सी कंपनीनं एक जाहिरात काढली: माझी गर्लफ्रेंड चालते 525 रुपये किलोमीटरनं, ओला मायक्रो फक्त 6 रुपयांनी. आरडाओरडा झाला, कंपनीनं ती काढून घेतली. समजा तुम्हाला तिचं विडंबन करायचंय. पहिला मोह होतो उलटापालट करण्याचा, म्हणजे ‘गर्लफ्रेंड’ खोडून ‘बॉयफ्रेंड’. करून बघा, पडेल. कारण माणसाला मीटर लावण्याची कल्पना तशीच राहते, मीटर फक्त दुसऱ्याला लागतं. नेम विकणाऱ्यावर हवा. मी असते तर एवढंच लिहिलं असतं: ‘गर्लफ्रेंडनं पाऊस पडला म्हणून कधी भाव वाढवला नाही.’ संध्याकाळी सहाला, पावसात, सिल्क बोर्ड चौकात उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला हे पोटातून पटेल. मग तो स्त्रीवादी असो वा नसो.

दुसरा नमुना 8 मार्च 2022 चा. फ्लिपकार्टनं गिऱ्हाइकांना संदेश धाडला: या महिला दिनी तुमचा उत्सव करू या, स्वयंपाकघरातली उपकरणं 299 रुपयांपासून. यावर माफी आली. इथे तर उत्पादन बदलायला नको, किंमत बदलायला नको. फक्त पत्ता बदला. तोच संदेश, तोच रंग, तेच अक्षर, पण नाव घरातल्या पुरुषाचं: ‘आज महिला दिन. आज कुकर तुम्ही लावा. 299 पासून.’ जाहिरातीतलं सगळ्यात लबाड ठिकाण बहुधा हेच असतं: ती कोणाशी बोलते आहे. मसाला, साबण, फिनेल यांच्या जाहिराती बाईशी बोलतात. विमा, गाडी, घराचं कर्ज पुरुषाशी. पत्ता बदलला की जाहिरात आपोआप विचित्र दिसू लागते, आणि ती विचित्र दिसली की आपलं काम झालं.

तिसरा नमुना काय करू नये याचा. जानेवारी 2021 मध्ये मिंत्राच्या बोधचिन्हातल्या ‘एम’मध्ये बाईचे पाय दिसतात, या मुंबईतल्या तक्रारीवरून कंपनीनं बोधचिन्ह बदललं. तक्रारदाराचा हेतू मी तपासायला जात नाही. पण तक्रारीआधी ज्यांना त्या अक्षरात काहीच दिसत नव्हतं, अशा लाखोंना ती गोष्ट नंतर दिसायला लागली. दारूगोळा कमी आहे. असा उडवू नका.

कोणती जाहिरात निवडावी कळत नसेल, तर मोजायला बसा. न्यूयॉर्कच्या गुरिल्ला गर्ल्सनी 1989 साली मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजदाद केली: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री चित्रकार पाच टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत मात्र 85 टक्के बायका. गोरिलाचा मुखवटा घातलेल्या नग्न स्त्रीच्या चित्राशेजारी त्यांनी हे आकडे छापले आणि ते पोस्टर बसवर लावलं. त्याला आज साडेतीन दशकं उलटली, ते अजून छापलं जातं. तुम्ही मॅजेस्टिकहून जयनगरला बसनं जाताना वाटेतल्या जाहिराती मोजा. किती बायका काहीतरी वाढताहेत, पुसताहेत, किंवा कोणाकडे तरी बघून हसताहेत? किती जणी पैसे मोजताहेत, सही करताहेत, गाडी चालवताहेत? वहीच्या पानावर दोन रकाने आणि काट्या, बस. तुमचा आकडा तुमच्याच रस्त्याचा असल्यामुळे कोणी तो ‘परदेशी फॅड’ म्हणून झटकू शकत नाही.

आता ओळ लिहिण्याबद्दल. जाहिरातीच्या आवाजातच बोला. ती लाडिक असेल तर तुम्हीही लाडिक व्हा. ‘स्त्रियांचं वस्तूकरण थांबवा’ अशी ओळ लिहिलीत की खेळ संपला. ते भाषण झालं, आणि भाषण ऐकायला सिग्नलला कोणी थांबत नाही. शक्यतो एकच शब्द बदला, नाहीतर एकच ओळ वाढवा. अक्षराचं वळण, रंग, मांडणी जशीच्या तशी ठेवा, कारण वाचणाऱ्याचे पहिले दोन सेकंद ‘जाहिरात आहे’ असं समजण्यात गेले पाहिजेत. तिसऱ्या सेकंदाला ठेच लागली पाहिजे. आणि लिहून झाल्यावर घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला तुमच्या मतांशी देणंघेणं नाही. मी माझ्या सासऱ्यांना दाखवते. ते हसले तर ओळ ठेवते. त्यांनी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर फाडते. ‘बरोबर आहे बाई तुझं’ म्हणाले तर तीही फाडते, कारण मग ती ओळ उपदेश करत असणार.

चित्रातल्या मॉडेलला वाळीत टाकू नका, तिच्या तोंडी घाण घालू नका. तिनं एका दिवसाचं काम केलंय, ओळ तिनं लिहिलेली नाही. हल्ली फोनवर दोन मिनिटांत कोणाचाही चेहरा कोणाच्याही धडावर बसवता येतो. ते तर अजिबात करायचं नाही. ज्या गोष्टीविरुद्ध निघालोय, तीच आपण कशी करू? चेहरा नको असेल तर काढून टाका आणि जागा मोकळी सोडा. ओट्यापाशी नुसते दोन मग आणि बाईच्या आकाराची पांढरी जागा, हेही पुष्कळ बोलतं.

मग भाषा. हे शहर कन्नड आहे, आणि आपण मराठी माणसं इथे इंग्रजी-हिंदीत वेळ मारून नेतो. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं, हा कायदा झालाय. आपल्या विडंबनालाही तो लावून घ्या. पण यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. विनोद हा भाषांतरात सगळ्यात आधी मरतो, हे मी पोटासाठी केलेल्या कामावरून सांगते. शेजारच्या कन्नड मैत्रिणीला नुसता प्रसंग सांगा आणि तिच्या तोंडून जे येईल ते लिहून घ्या. खात्याची ओळ मला कन्नडमध्ये अशीच मिळाली. शेजारणीनं ती माझ्यापेक्षा दोन शब्द आखूड केली. फुलवालीपर्यंत पोचायचं तर हीच वाट आहे.

हे लावायचं कुठे, हा सगळ्यात नाजूक भाग. लंडनचा किस्सा वाचून स्प्रेचा डबा घेऊन बाहेर पडू नका. 1981 च्या कर्नाटकच्या कायद्यानुसार सार्वजनिक जागा विद्रूप केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्रातही 1995 पासून असाच कायदा आहे. शिवाय होर्डिंगच्या लोखंडी सांगाड्यावर चढण्यात जिवाला धोका आहे, तो वेगळाच. खरं सांगायचं तर बंगळुरूत भिंतीची एवढी गरजही नाही. ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयानं खडसावल्यावर महापालिकेनं हजारो फ्लेक्स उतरवले आणि बाह्य जाहिरातींवर वर्षभर बंदीचा ठराव केला. रिकामे सांगाडे पुढे कितीतरी दिवस आकाशाला चौकटी घालत उभे होते. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. मेट्रोच्या खांबांवर, बसच्या पाठीवर आणि मुख्य म्हणजे आपल्या हातातल्या फोनवर आल्या. लढाई तिथेच गेली आहे.

तेव्हा तुमच्या मालकीच्या जागा वापरा. खिडकीची काच, बाल्कनीचा कठडा, सोसायटीचा फलक (सेक्रेटरीला विचारून), दुचाकीच्या मागची पाटी नव्हे पण डिकीचं झाकण, कापडी पिशवी, टी-शर्ट. कापडी पिशवी मला सर्वांत लाडकी, कारण भाजी घेताना ती दहा माणसांच्या डोळ्यांसमोर असते आणि कोणी ती फाडत नाही. चार-सहा जणी मिळून फलक घेऊन चर्च स्ट्रीटवर उभ्या राहणार असाल तर सावध: 2021 च्या आदेशानंतर शहरात निदर्शनांना जागा एकच, फ्रीडम पार्क, तीही परवानगीनं. जुन्या मध्यवर्ती तुरुंगाच्या आवाराला ‘फ्रीडम’ नाव देऊन निदर्शनं तेवढ्यात कोंडायची, हे विडंबन सरकारनंच आयतं करून ठेवलंय. फलक न घेता, घोषणा न देता, नुसते छापील कपडे घालून फिरायला जाण्याला निदर्शन म्हणणं अवघड आहे. याच शहरात ‘ब्लँक नॉइझ’नं कपड्यांचाच उपयोग किती परिणामकारक केला, ते पाहा. सृष्टी कला महाविद्यालयात शिकत असताना जस्मीन पाथेजा यांनी 2003 साली हे काम सुरू केलं. छेडछाड झाली तेव्हा अंगावर जे कपडे होते, ते बायकांनी आणून द्यायचे. साधे सलवार-कुर्ते, शाळेचे गणवेश. ‘तू कपडे कसे घातले होतेस?’ या प्रश्नाला ते कपडेच नुसते टांगून उत्तर. पुढे त्यांनी बायकांना बागेत जाऊन हिरवळीवर झोपायचं निमंत्रण दिलं. जाहिरातीतली बाई कधी दमून आडवी झालेली पाहिलीत? पाहिली असेल तर गादीच्या जाहिरातीत, आणि तिथेही काजळ न विस्कटलेली.

समाजमाध्यमांवर टाकताना मूळ जाहिरात आणि तुमची, दोन्ही शेजारी ठेवा. नुसती मूळ जाहिरात संतापून पुढे पाठवली, की कंपनीचा प्रचार फुकटात होतो. एका कोपऱ्यात ‘विडंबन’ असं स्पष्ट लिहा. कंपनीच्या नावानं खोटं खातं काढू नका, खोटी सवलत किंवा खोटी माफी जाहीर करू नका; तिथे विनोद संपतो आणि फसवणूक सुरू होते. उत्पादनाबद्दल जे सिद्ध करता येणार नाही ते म्हणू नका. क्रीम अंगाला अपाय करतं असं लिहाल तर पुरावा लागेल. क्रीमच्या जाहिरातीत काळ्या मुलीला नोकरी मिळत नाही असं लिहाल तर जाहिरातच पुरावा आहे. बदनामीचा फौजदारी गुन्हा भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. पण घाबरून बसायचंही कारण नाही. टाटांची भागीदारी असलेल्या ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे असं सांगण्यासाठी ग्रीनपीसनं पॅकमॅनसारखा एक खेळ काढला, त्यात टाटांचं चिन्ह वापरलं. टाटा सन्सनं दहा कोटींचा दावा लावला. जानेवारी 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या खेळावर अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. चिन्ह टीकेसाठी वापरणं आणि माल विकण्यासाठी वापरणं यांत फरक आहे, हा त्यातला गाभा. तो फरक तुम्हीही पाळा. कंपनीचं चिन्ह मोडतोड करून छापलेले टी-शर्ट विकायला लागलात, की तुम्हीही दुकानदार झालात.

शिव्या येतील. बाईच्या खात्यावर जास्त येतील. एकटीनं करू नका, तिघी-चौघी मिळून एक वेगळं खातं काढा, आणि ज्या दिवशी एखादी ओळ पसरेल त्या दिवशी उत्तरं देण्याचं काम एकीनंच करायचं, बाकीच्यांनी फोन बाजूला ठेवून जेवून घ्यायचं.

हसून झालं की अर्ज लिहा. माझ्या ओळखीतल्या उत्साही मंडळींचा घोडा नेमका इथे अडतो. मीम करायला रात्र जागतात, तक्रार करायला दहा मिनिटं नसतात. जाहिरातींसाठी उद्योगाची स्वतःची संस्था आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, बोलीभाषेत ‘एस्की’. 1985 पासून मुंबईत आहे. ती सरकारी नाही, पण तिचं म्हणणं बहुतेक मोठ्या कंपन्या ऐकतात. गोरेपणाच्या जाहिरातींत सावळ्या माणसाला कमी लेखू नये, हा नियम तिनं 2014 साली केला. स्त्री-पुरुषांच्या हानिकारक साचेबंद प्रतिमांबद्दलचे नियम जून 2022 मध्ये आणले. त्याच महिन्यात एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातींत चार मुलं आणि एकटी घाबरलेली मुलगी असा बलात्काराच्या भीतीवर बेतलेला विनोद होता. लोक भडकले, एस्कीनं जाहिराती थांबवायला सांगितलं आणि माहिती-प्रसारण मंत्रालयानं त्या ट्विटर-यूट्यूबवरून उतरवायला लावल्या.

तक्रारीत ‘मला वाईट वाटलं’ एवढंच लिहू नका. जाहिरात कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता दिसली ते लिहा, स्क्रीनशॉट किंवा फोटो जोडा, नेमकी खटकणारी ओळ उद्धृत करा आणि मग नियम दाखवा. टीव्हीवरची असेल तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधला सातवा नियम पाठच करून ठेवा. बाईचं दुय्यम, सोशिक, आज्ञाधारक चित्र रंगवून तिला कुटुंबात आणि समाजात खालच्या जागी बसायला उत्तेजन देणारी जाहिरात चालणार नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. हा नियम खरोखर पाळला तर संध्याकाळच्या मालिकांमधल्या निम्म्या जाहिराती बंद पडतील, हे माझं खासगी मत. 1986 चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही आहे, पण तो ‘असभ्य’ या शब्दाभोवती फिरतो आणि आपल्याला पुन्हा त्या डांबराच्या बादलीपाशी आणून सोडतो. मी तो शेवटचा पर्याय मानते. जाहिरात फसवी असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहेच.

एक धोका सांगून ठेवते. कंपन्या टोमणाही विकतात. तुमची ओळ गाजली तर पुढच्या महिला दिनाला तीच थोडी मऊ करून, गुलाबी पार्श्वभूमीवर, त्यांच्याच उत्पादनाखाली दिसेल. तेव्हा खूश व्हायचं की चिडायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी चिडते आणि नवी ओळ लिहिते. गोरेपणाच्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमचंच बघा. 1975 साली बाजारात आलं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारींनंतर 2003 मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयानं त्याच्या दोन जाहिराती बंद करायला लावल्या. 2009 मध्ये चेन्नईहून ‘डार्क इज ब्युटिफुल’ मोहीम निघाली. जुलै 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. ट्यूब तीच, कप्पा तोच. तरीही एखाद्या मुलीच्या रंगावरून तिचं लग्न अडतंय, असं जाहिरातीत आज तितक्या बिनदिक्कत दाखवता येत नाही. आणि हे घडायला पंचेचाळीस वर्षं, शेकडो अर्ज आणि पुष्कळ टवाळी लागली.

या रविवारचा पेपर रद्दीत टाकण्याआधी त्यातली एक जाहिरात कापा, एक ओळ वाढवा, फ्रिजला चुंबकानं लावा आणि घरात कोण कोण थांबून वाचतं ते बघा. जमली असेल तर पिशवीवर छापा. आणि मूळ जाहिरातीचा फोटो एस्कीला पाठवा. त्यांच्याकडे तक्रार करायला एक पैसाही लागत नाही.